घड्याळासकट वजन

माणसांची वजनं घ्यायला लागले त्याआधी बारा वर्षं मी रद्दीच्या दुकानात काट्यावर होते. त्यामुळे कोण फसवतंय ते मला लांबून कळतं. तिथे लोक गठ्ठ्याच्या मधोमध ओला कागद घालून आणायचे, इथे खिशात किल्ल्यांचा जुडगा घालून येतात. हेतू तोच, आकडा जरा फुगावा. तिथे मला राग यायचा. इथे मी नुसतं म्हणते, "खिसे रिकामे करा हो," आणि माणूस लाजत लाजत किल्ल्या, सुटी नाणी, चष्म्याची डबी असं काय काय काढून माझ्या टेबलावर ठेवतो. एकदा तर चक्क काचेचा पेपरवेट निघाला, तोही हेडबाईंच्या स्वेटरच्या खिशातून. आयुष्यभर शाळा चालवलेली बाई, पण आपलं वजन दीड किलो उतरलंय हे डॉक्टरांना कळू नये म्हणून ही युक्ती.

"शाळेत कुणी कॉपी केली तर काय करायचात?" मी विचारलं.

"कान धरायला लावायची," त्या म्हणाल्या, आणि मुकाट्याने स्वतःचा कान धरून वजनकाट्यावर उभ्या राहिल्या.

आमची खोली कॅन्सरच्या डोसची. आठ आरामखुर्च्या, प्रत्येकीला नंबर, शेजारी सलाईनचा स्टँड, आणि खिडकीतून दिसतात त्या खाली उभ्या केलेल्या गाड्या. पेशंट सकाळी येतो, त्याच्या रक्ताचा रिपोर्ट बघितला जातो, मी वजन, ताप, बीपी घेते, मग सिस्टर सुई लावतात आणि दुपारपर्यंत थेंब थेंब औषध. मला सगळे मावशी म्हणतात. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आहेत तेही म्हणतात. सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, आता कुणी नावाने हाक मारली तर मी वळून बघत नाही.

या खोलीत मरणाची भीती वाटते असं बाहेरच्यांना वाटतं. असेलही. पण रोज सकाळी तोंडावर दिसते ती भीती वेगळीच असते. रक्तातल्या पेशी कमी आल्या की डॉक्टर सांगतात, "आज डोस नाही, पुढच्या आठवड्यात या." ऐकणाऱ्याला वाटेल, बरं झालं, आजचा दिवस सुटला. पण आमची माणसं डोस मोजत जगतात. सहातले चार झाले, दोन राहिले. त्यांना पुढे ढकललेलं चालत नाही. एकदाचं संपवून मोकळं व्हायचं असतं. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत सगळे परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे बसतात, आणि "काउंट बरोबर आहे" म्हटलं की सुई टोचून घ्यायला हसत हसत बाही वर करतात. असा आनंद मी दुसरीकडे कुठे बघितलेला नाही.

अशा खोलीत चार महिन्यांपूर्वी मनाच्या मॅडम आल्या.

त्यांच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, ते म्हणताना हेडबाई सोडून सगळ्यांची जीभ अडखळते. म्हणून मनाच्या मॅडम. वय माझ्या मुलीएवढं, बोलणं हळू, आणि हातात सदा कागदांचा गठ्ठा. त्या कागदावर एक थर्मामीटर काढलेला. खाली शून्य, वर दहा. शेजारी लिहिलेलं: गेल्या आठवड्यात तुमच्या मनाला किती त्रास झाला त्या आकड्याला गोल करा. मागच्या बाजूला यादी, झोप, भूक, घरची काळजी, हातापायांना मुंग्या, एकटं वाटणं, असं बरंच काही. जे होत असेल त्यावर खूण करायची, आणि शेवटी 'इतर' म्हणून एक मोकळी ओळ.

मॅडमनी वजनाबरोबर हा कागद भरून घ्यायचं काम मला दिलं. "मावशी," त्या म्हणाल्या, "कुणी चार किंवा त्याच्या वर गोल केला, तर मला लगेच कळवायचं. मी येऊन त्यांच्याजवळ बसेन."

मी मान डोलावली. आकडा लक्षात ठेवला आणि जवळ बसायचं विसरून गेले.

पहिला कागद हेडबाईंच्या हातात पडला. एक नंबरची खुर्ची त्यांचीच असते, दुसरी कुणी घेत नाही. त्यांनी चष्मा लावून कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, "मावशी, हे नॉर्मल किती असतं?"

आता दिवसातून पन्नास वेळा मला हाच प्रश्न असतो. बीपी नॉर्मल किती, ताप नॉर्मल किती. सवयीने मी बोलून गेले, "तीनपर्यंत नॉर्मल."

हेडबाईंनी तीनला गोल केला, आणि मग शेजारच्या खुर्चीला सांगितलं, तीनपर्यंत नॉर्मल. त्यांचा आवाज प्रार्थनेच्या मैदानावर कमावलेला. आठव्या खुर्चीपर्यंत पोचला.

त्या आठवड्यात सगळे तीन आले. पुढच्याही आठवड्यात तीन. एखादा दोन. चार नंबरच्या खुर्चीतले बसड्रायव्हर एकदा हौसेने एक लिहून गेले. मला काय, मी कागद गोळा करून देत होते. उलट मला वाटलं, वा, आपली माणसं खंबीर आहेत. मोठे डॉक्टरसुद्धा मॅडमना म्हणाले, "तुमच्या खोलीत सगळे सुखी आहेत की! मग कागद कशाला वाया घालवायचे? महिनाअखेरीला बंद करू." मॅडमनी कागदांचा गठ्ठा नीट केला. पण त्यांचा चेहरा मात्र तीनवाला नव्हता, एवढं मला तेव्हाही दिसलं होतं.

* * *

आता घड्याळवाल्या काकांकडे येते.

काका मनगटी घड्याळं दुरुस्त करतात. छोटंसं दुकान, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि समोर तांदळाच्या कणीएवढे स्क्रू. पहिल्या दिवशी वजनकाट्यावर चढायच्या आधी त्यांनी हातातलं घड्याळ काढलं. स्टीलच्या पट्ट्याचं, जड, त्याचा चाप भलता घट्ट. पण त्यांनी नुसतं एक बोट लावलं आणि टिच् करून ते सुटलं. माझ्या तळहातावर ठेवत म्हणाले, "हे धरा. दुकानाचं वजन माझ्या अंगात मोजू नका."

मला माणूस तिथेच आवडला. बारा वर्षं रद्दीचा काटा आणि सहा वर्षं माणसांचा, पण वजन कमी भरावं म्हणून आपणहून काही काढून ठेवणारा हा पहिलाच.

वजन झाल्यावर त्यांनी दारावरच्या भिंतीकडे बघितलं. "मावशी, तुमचं घड्याळ सहा मिनिटं मागे आहे."

"असू दे. आम्हाला कुठे गाडी पकडायचीय?"

"खाली काढा, बघतो."

"अहो, हॉस्पिटलचं आहे ते. खाली काढायचं तर अर्ज करावा लागतो."

"मग करा अर्ज."

दर तीन आठवड्यांनी ते येणार, घड्याळ काढून माझ्या हातात देणार, वजन करणार, आणि सहा मिनिटांची तक्रार करणार. बरोबर काकू असतात. त्या बोलतात आणि काका ऐकतात, असं त्यांचं कामाचं वाटप तीस वर्षांपूर्वीच झालेलं आहे.

चौथ्या डोसाच्या दिवशी ते आले ते गुलाबी टी-शर्ट घालून.

"बघितलंत का मावशी?" काकू दारातूनच म्हणाल्या. "जन्मभर इस्त्रीचा शर्ट, वरच्या बटणापर्यंत लावलेला. लग्नात मी म्हटलं, एक बटण उघडं ठेवा, श्वास तरी घ्या. नाही! आणि आता महिनाभर हे. कपाटातले शर्ट माझ्याकडे बघून रडतायत."

"आरामाचं वाटतं," काका म्हणाले.

"आराम! दुकानाचं शटरही अर्धंच उघडतात. म्हणे गिऱ्हाईकच नाही. टी-शर्ट घालून बसल्यावर गिऱ्हाईक घड्याळ देईल का पतंग मागेल?"

मी हसले. काकांना म्हटलं, चढा. ते चढले. एकसष्ट किलो सहाशे. मागच्या वेळी एकसष्ट चारशे होतं.

"दोनशे ग्रॅम वाढले!" मी सांगितलं, आणि काकूंनी हात जोडून वर बघितलं. डोस चालू असताना दोनशे ग्रॅम वाढणं म्हणजे आमच्याकडे सोन्याहून पिवळं. रक्ताचा रिपोर्टही बरोबर आला. काकांनी कागदावर तीनला गोल केला, मुठीत पेन धरून, जरा वाकडा. सिस्टरनी सहा नंबरच्या खुर्चीत सुई लावली. पहिली छोटी पिशवी पेशंटला उलटी होऊ नये म्हणून, ती अर्धा तास चालते. मग खरं औषध. काकू चहा आणायला खाली गेल्या.

मी वजनकाटा पुसायला घेतला. दर पेशंटनंतर पुसते. पुसता पुसता माझा डावा हात उगाच पुढे झाला, तळवा वर करून. सवयीने. काकांनंतर माझ्या हातात घड्याळ असतं आणि ते परत द्यायचं असतं.

हात रिकामा होता.

मी वर बघितलं. भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं मागे होतं, आणि त्याबद्दल आज कुणी काही बोललं नव्हतं.

दोनशे ग्रॅम वाढले नव्हतेच. ती घड्याळाची आणि पट्ट्याची कमाई होती. मी वहीत चुकीचं वजन लिहिलं होतं, म्हणून आधी माझा जीव त्या चुकीतच अडकला. काट्यावरच्या बाईला दुसरं काय सुचणार? सहा नंबरच्या खुर्चीशी गेले.

"काका, घड्याळ काढून द्या. तुम्ही घड्याळासकट चढलात. मी त्याचं वजन करून वजा करते."

"राहू द्या आता."

"असं कसं? दुकानाचं वजन अंगात मोजायचं नाही ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, काकू येतायत का म्हणून. मग सुई नसलेला हात मनगटाकडे नेला. बोट चापावर ठेवलं. ते घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. ज्या बोटांनी तांदळाच्या कणीएवढे स्क्रू बसवले, ती बोटं चापावरून अशी फिरत होती, जशी कुणा दुसऱ्याचीच बोटं उसनी आणली असावीत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुसऱ्या डोसानंतर मुंग्या होत्या. तिसऱ्यानंतर टोकं गेलीच. स्क्रू हातात आहे का खाली पडलाय, बघितल्याशिवाय कळत नाही." ते हळू बोलत होते, हिशेब सांगावा तसं सरळ. "शर्टाची बटणं लागत नाहीत. तिला सांगितलं, आराम वाटतो."

"डॉक्टरांना?"

"नाही. मावशी, तुम्हीही सांगायचं नाही. हा धरून तीनच राहिले आहेत. मध्येच थांबवलं तर काय उपयोग सगळ्याचा?"

"पण काका, कागदावर तरी... यादीत मुंग्या आहेत की छापलेल्या. तुम्ही तर तीनला गोल केलात."

"तुम्हीच म्हणालात ना, तीनपर्यंत नॉर्मल. त्याच्या वर गेलं की डोस थांबवतात."

"थांबवतात असं कोण म्हणालं?"

"सगळे म्हणतात." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "काउंट खाली गेला की थांबवतात, तसा हा वर गेला की थांबवणार. उगाच कशाला मोजतील?"

इतके दिवस सगळे तीन. आठ खुर्च्यांवर आळीपाळीने बसलेली चाळीस-पन्नास माणसं, आणि एकेकाने आपला त्रास छाटून, दुमडून माझ्या तीनमध्ये बसवला होता. काटा कुणी मारला? तर मीच.

"शब्द द्या," काका म्हणाले.

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आणि पिशवीकडे बघितलं. निम्मी संपली होती.

* * *

मनाच्या मॅडमची खोली पॅसेजच्या टोकाला. मी आत गेले तेव्हा त्या आलेखावर पट्टी ठेवून बसल्या होत्या. पट्टीची गरजच नव्हती, रेघ आपोआप सरळ होती.

"मॅडम, माझं चुकलं," मी उभ्या उभ्या सुरू केलं. "हेडबाईंनी विचारलं नॉर्मल किती, मी म्हटलं तीनपर्यंत. तुम्ही चार म्हणाला होतात ना, म्हणून. त्यांनी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना वाटतं चार लिहिला की डोस बंद."

मॅडमनी पट्टी खाली ठेवली. "म्हणजे हे सगळे तीन..."

"माझे आहेत."

"दोन महिन्यांचे?"

"पहिल्या दिवसापासूनचे."

मला वाटलं आता नोकरी गेली. मॅडम हसायला लागल्या. एवढ्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेचना.

"मावशी, मी घरी जाऊन रडत होते हो. मला वाटलं मलाच माणसं कळत नाहीत. समोरची बाई उशी ओली करून येते आणि कागदावर तीन. मी म्हटलं, माझंच शिक्षण वाया गेलं."

"मग तुमचा किती होता?"

"सात," त्यांनी नाक पुसत सांगितलं. "रविवारी आठ."

"मॅडम, अजून एक. खोलीत एकाचा तीन मुळीच तीन नाही. कोण ते सांगणार नाही, शब्द दिलाय. पण खरं औषध लागायला दहा मिनिटं उरलीत."

पोरगी हुशार. एकही प्रश्न विचारला नाही. कोऱ्या कागदांचा गठ्ठा उचलला आणि चपला वाजवत माझ्यापुढे पळाली.

खोलीच्या मधोमध उभं राहून त्या जे बोलल्या ते मला जवळजवळ पाठ आहे. म्हणाल्या, "एक चूक झालीय आणि ती माझी आहे, मी नीट समजावलं नाही." मी तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने गप्प केलं. "या आकड्याने कुणाचा डोस थांबत नाही. आकडा मोठा असेल तर मी तुमच्याजवळ येऊन बसते, एवढंच होतं. अंगाला काही होत असेल तर ते डॉक्टरांना सांगते. ते औषध कमी करतील, बदलतील, कदाचित आठवडाभर थांबतीलही. थांबणारच नाहीत असं खोटं मी सांगणार नाही. पण तुम्ही लपवलंत तर त्यांना ते दिसायचं कसं?"

सगळ्यांनी हेडबाईंकडे बघितलं.

"म्हणजे," हेडबाई म्हणाल्या, "दोन महिने आम्ही चुकीचा पेपर सोडवला?"

"हो."

"आणि तो फोडला मी." त्यांनी चष्मा काढला. "द्या कागद. सगळ्यांना द्या. आणि या वेळी कुणी दुसऱ्याच्या कागदात बघायचं नाही."

मी कागद वाटले. हेडबाईंनी सहाला गोल केला, उलटून यादी वाचली. "यात मांजर नाही."

"मांजर?" मॅडमनी विचारलं.

"डोस चालू आहेत तोवर शेजारी ठेवलीय. जंतूंचं म्हणून. घरात दार लोटलं तरी आवाज घुमतो आता."

"'इतर'मध्ये लिहा."

"मांजर," हेडबाईंनी वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली.

बसड्रायव्हर पेन चावत बसले होते. "मॅडम, माझा दिवसभर दोन असतो. बायको जेवायला वाढते तेव्हा नऊ. समोर बसून घास मोजते. मधला धरू का?"

"नऊच धरा. मी वहिनींशीही बोलते."

"माझं नाव सांगू नका म्हणजे झालं."

लोक हसले. हसता हसता पेनं चालत होती. मी मात्र सहा नंबरकडे बघत होते. काकांनी पेन मुठीत धरलं होतं आणि कागद मांडीवर तसाच कोरा. पिशवीत दोन बोटं पाणी. सिस्टर ट्रॉलीवर दुसरी पिशवी घेऊन आल्या होत्या.

तेवढ्यात काकू चहाचे दोन कप सांभाळत आत आल्या. "काय चाललंय? मी नसताना परीक्षा घेतली का?"

"इकडे ये," काका म्हणाले. त्यांनी पेन काकूंच्या पुढे केलं. "तू गोल कर."

"मी? तुम्हाला काय धाड भरलीय?"

"कर तर."

काकूंनी कप ठेवले, पेन घेतलं. "कितीवर? तीनच ना?"

"आठ."

काकूंचा हात थर्मामीटरच्या अर्ध्यावर थांबला. तीस वर्षांचं कामाचं वाटप पहिल्यांदाच उलटलं. काकांनी दोन्ही हात उताणे करून त्यांच्या पुढे धरले. "टोकं गेलीत. बटण लागत नाही. चिमटा धरता येत नाही. दुकानात गिऱ्हाईक आहे, मी परत पाठवतो."

काकूंनी हात बघितले. मग टी-शर्ट बघितला. खालपासून वरपर्यंत, सावकाश.

"म्हणून गुलाबी," त्या म्हणाल्या. "आणि मी मेली समजतेय म्हातारपणी हौस फुटलीय." त्यांनी आठला गोल केला, दोनदा, गडद. उलटून मुंग्यांवर खूण केली. मग काकांचं मनगट ओढून घेतलं, चापाला बोट लावलं आणि टिच् केलं. "मावशी, हे घ्या. ह्यांचं वजन बरोबर करा. आणि सिस्टर, ती पिशवी आधी तिथेच ठेवा."

मी घड्याळाचं वजन केलं. दोनशे ग्रॅमला जरा कमी. वहीतलं एकसष्ट सहाशे खोडून त्यावर सही केली. म्हणजे काकांचं वजन होतं तेवढंच होतं, वाढलं नव्हतं, पण उतरलंही नव्हतं. मी ते काकूंना सांगितलं आणि त्यांनी पुन्हा हात जोडले. ही बाई कशालाही हात जोडते, म्हणून मला आवडते.

मोठे डॉक्टर आले. त्यांनी काकांना डोळे मिटायला लावून बोटांच्या टोकांना कापूस लावला, बोथट काडी टोचली, शर्टाचं एक सुटं बटण हातात देऊन विचारलं, हे काय आहे. काकांना सांगता आलं नाही. डॉक्टरांनी बटण परत घेतलं. मग म्हणाले, "बरं झालं आज सांगितलंत. अजून दोन डोस असेच गेले असते तर अवघड होतं." ते औषध त्या दिवशी लागलंच नाही. दुसरं ठरलं, आठ दिवसांनी सुरू. "उपचार थांबत नाही, रस्ता बदलतोय," त्यांनी काकांना दोनदा सांगितलं. "आणि बोटं? सावकाश येतील परत. बहुतेकांची येतात. शब्द देत नाही, पण आशा धरायला हरकत नाही."

जाताना ते मनाच्या मॅडमना म्हणाले, "कागद बंद करायचं राहू द्या." मॅडम "बरं सर" म्हणाल्या, एवढंच. पण त्या दिवशीचा त्यांचा आलेख मी बघितलाय. असा वेडावाकडा, खालवर, डोंगरासारखा. त्यांनी तो भिंतीवर लावलाय.

* * *

त्यानंतर काका तीनदा येऊन गेले. परवा आले ते इस्त्रीच्या शर्टात, वरच्या बटणापर्यंत लावलेल्या.

"रोज सकाळी मी लावते," काकूंनी जाहीर केलं. "वरचं उघडं ठेवलं तर स्वतःच ओरडतात, लाव म्हणून."

काकांनी मनगट माझ्यापुढे केलं. "काढा."

मी चापाशी झटापट केली. माझ्या नखाचा तुकडा पडला तरी सुटेना. "दाबू नका, उचला," काका म्हणाले. "कडेला नख, आणि वर." टिच्. एकसष्ट तीनशे, नुसत्या काकांचं. कागदावर त्यांनी पाचला गोल केला, स्वतःच्या हाताने, अजून वाकडाच. मुंग्यांवर खूण केली आणि शेजारी बारीक लिहिलं: अंगठा आला.

मग भिंतीकडे बघून म्हणाले, "सहा मिनिटं."

"अर्ज मंजूर झालाय," मी म्हटलं. खरंच झाला होता. मॅडमनी लिहिला, मोठ्या डॉक्टरांनी सही केली. सगळ्या खोलीच्या समोर मी स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं आणि काकांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते कानाशी धरलं, डोळे मिटून. मग म्हणाले, "याला काही झालेलं नाही. चाल अगदी बरोबर आहे. लावतानाच कुणीतरी सहा मिनिटं मागे लावलं, आणि सगळे तेच बघत बसले."

मला बोलल्यासारखं वाटलं, पण ते तसं बोलणारे नाहीत.

"मागे चाक आहे बारीक. तुम्ही फिरवा. मला लागत नाही हाताला. थांबा... पुढे. अजून. अजून जरा. बास."

मी घड्याळ परत भिंतीवर लावलं. सगळ्यांनी माना वर करून बघितलं. बसड्रायव्हर म्हणाले, "म्हणजे माझी पिशवी आता सहा मिनिटं आधी संपणार!"

"पिशवी थेंबांवर संपते, घड्याळावर नाही," सिस्टर म्हणाल्या.

"ते तुम्ही मला सांगू नका. बरं वाटतंय ते वाटू द्या."

हेडबाईंचा त्या दिवशी शेवटचा डोस होता. मांजर संध्याकाळी परत येणार होती, त्यासाठी त्यांनी पर्समध्ये नवा पट्टा आणला होता, तोही वजन करताना टेबलावर काढून ठेवला होता. त्यांनी चष्म्यावरून घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मावशी, एवढे महिने मी इथे बसले. माझी सहा मिनिटं कोण परत देणार?"

"'इतर'मध्ये लिहा," मी म्हटलं.

त्यांनी खरंच लिहिलं.